यावल, जळगाव, धुळे, शिरपूर: शेवटची पंचवीस मिनिटं

भाऊबीजेला माझे वडील दर वर्षी अक्काकडे जायचे. ते गेल्यापासून मी जातो. ओवाळणीची साडी ठरलेली असते. यंदा दिवाळीच्या आधीच तिचा फोन आला.

"साडी आनू नको."

"मग काय आणू?"

"गाडी आन. मले तीन पिच्चर दाखव. थेटरात."

अक्का माझ्या वडिलांची मोठी बहीण. नात्यानं आत्या, पण वडील अक्का म्हणत म्हणून सगळं घर अक्का म्हणतं. वय बहात्तर. राहते यावल तालुक्यातल्या एका लहान गावात. तिचे यजमान, नाना, जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा सुरतेला कापड बाजारात आहे. तो तिला दिवाळीनंतर कायमची घेऊन जाणार होता. घराला कुलूप लागणार होतं. हे मला ठाऊक होतं. ती सिनेमा पाहायची हेही ठाऊक होतं. पण वीस वर्षांत ती थिएटरात गेलेली नव्हती.

"तीनच का?"

"एक जयगावले. एक धुयाले. एक शिरपूरले."

ळ तिच्या बोलण्यात येत नाही. तिकडच्या सगळ्यांचंच तसं आहे. केळीच्या प्रदेशात केळीला केयी म्हणतात.

मी सिनेमाचा जाणकार नाही. वर्षाला आठ-दहा सिनेमे पाहतो, तेही कोणी चल म्हटलं तर. तेव्हा पुढे जी मतं आहेत ती तिकीट काढून बसलेल्या माणसाची आहेत. सिनेमांची नावं दिलेली नाहीत. शोधून शेवट पाहाल, आणि या प्रवासात शेवटाला जरा महत्त्व आहे.

पहिला दिवस: पुणे ते यावल

पहाटे पाचला निघालो. संभाजीनगर, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट. घाट उतरला की हवा बदलते. काळी जमीन सुरू होते आणि कापूस दिसू लागतो. जेवायला जळगावच्या अलीकडे थांबलो. शेवभाजी मागवली. तिखट कमी करा म्हणालो तर वाढणारा म्हणाला, "भाऊ, मग नुसती शेवच खा ना." ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी सोबत दही मागावं. मिळतं.

भुसावळवरून तापी ओलांडली. पुढे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. घडांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घातलेल्या असतात. लहानपणी पिशव्या नव्हत्या. घड तसेच उघडे लोंबायचे. मागे सातपुडा. तो लहानपणी होता तिथेच आहे.

अक्कानं ओवाळलं. मग चुलीवर वांगी भाजली. भरिताची पांढरट हिरवी वांगी नुकती येऊ लागली होती. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि कांद्याची पात. घर अर्धं रिकामं झालेलं. भांड्यांच्या फळीवर भांड्यांचे गोल डाग होते.

जेवताना तिनं कारण सांगितलं. ते समजायला साडेपाचची बस समजून घ्यावी लागते.

अक्काच्या सासूला दम्याचा त्रास होता. औषधं जळगावला मिळायची. महिन्यातून एकदा अक्का ती आणायला जाई. औषधं घेऊन झाली की तीनचा खेळ. घरी नानांना ठाऊक होतं. सासूलाही असावं. गावाला येणारी शेवटची बस साडेपाचला सुटायची. त्यामुळे पाच वाजून पाच मिनिटांनी उठावं लागे. अंधारात पायानं चपला चाचपायच्या, पिशवी उचलायची आणि निघायचं. अक्कानं आयुष्यात शंभर-दीडशे सिनेमे पाहिले असतील. त्यांतल्या एकाचाही शेवट पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला गेलं की बाया विचारायच्या, कोणता पाहिला? ती सांगायला लागे. हातवारे केल्याशिवाय तिला सांगता येत नसे. हात थांबले की वेचणी थांबे, म्हणून रीत पडली होती. सांगणारीची ओळ बाकीच्यांनी वेचायची. प्रत्येकीनं आपल्या ओटीतला मूठभर कापूस तिच्या ओटीत टाकायचा. दिवाळीच्या सुट्टीत मी ते पाहिलं आहे. सात वर्षांचा होतो. बांधावर बसून ऐकायचो. बहुतेक सिनेमे मला पडद्यावरून नाही, कापसातून ठाऊक आहेत.

आणि शेवट? शेवट ती स्वतः करायची. मूठ-मूठ कापूस घेऊन अर्धा सिनेमा कसा सांगणार?

त्या वर्षी तिनं एक सिनेमा सांगितला. एका बाईला मुलगी होते. सासरचे तिला माहेरी आणून सोडतात. अक्का बस गाठायला उठली तेव्हा ती बाई पोर कडेवर घेऊन गावाबाहेर नदीकाठी उभी होती. वावरात अक्कानं पुढचं सांगितलं: ती नदी ओलांडते. सासरी जाते. उंबऱ्यावर बसते. तीन दिवस बसते. चौथ्या दिवशी सासू दार उघडते आणि पोर उचलून घेते.

ऐकणाऱ्यांत सिंधू होती. अक्काच्या शेजारची, अक्काहून सहा वर्षांनी लहान. तिलाही मुलगीच झाली होती. तिलाही शिरपूरच्या सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं होतं. आठ दिवसांनी ती मुलीला घेऊन शिरपूरच्या बसमध्ये बसली. भाऊ म्हणाला, गेलीस तर परत येऊ नको. ती परत आली नाही. जिवंत आहे, शिरपुरातच आहे, एवढंच गावाला कळत राहिलं.

मग वीस वर्षांपूर्वी एका रविवारी तो सिनेमा टीव्हीवर लागला. अक्कानं पहिल्यांदा एक शेवट पाहिला. ती बाई पोरीला घेऊन नदीत उतरते. पाणी दिसतं. 'समाप्त'ची पाटी पडते.

"मी टीव्ही बंद केला," अक्का म्हणाली. "थेटरबी बंद केलं."

"आणि आता?"

"आता तिले सांगायचं हाये. तो शेवट खोटा व्हता म्हून. सुरतेले गेली का मंग राहूनच जाईन. तिचं काय झालं असंन ते पाहायची इतके दिवस हिंमत नव्हती."

"मग सरळ शिरपूरला जाऊ उद्या."

"नाही. पहिले दोन पिच्चर पाहू. सवय मोडली हाये."

दुसरा दिवस: जळगाव

मॉलमधलं थिएटर. सकाळच्या खेळाला तिकीट स्वस्त असतं, पण अक्काला तीनचाच खेळ हवा होता. दारात सुरक्षारक्षकानं पिशवी उघडायला लावली. आत केळ्याचे वेफर्स आणि उकडलेल्या शेंगा.

"आजी, बाहेरचं आत चालत नाही."

"बाहेरचं कुठी हाये? घरचंच हाये."

तो हसला. वेफर्स बाहेरच्या टेबलावर ठेवून घेतले. बाहेर पडलो तेव्हा पुडा अर्धा झाला होता.

सिनेमा मोठा होता. नायक तुरुंगातून सुटतो आणि एकेकाला मारत जातो. अडीच तास. आवाज इतका की खुर्चीच्या हातातून कंप येत होता. मला त्याचं पार्श्वसंगीत खुपलं. चेहऱ्यावर काही उमटायच्या आधीच ते सांगून टाकतं, की आता दुःख आहे, आता अभिमान आहे. चेहऱ्याला काही काम उरत नाही. एक प्रसंग मात्र चांगला. नायक बारा वर्षांनी आईच्या घरी येतो आणि पाण्याचा माठ पूर्वी होता त्या कोपऱ्यात हात घालतो. तिथे माठ नसतो. तो हात तसाच मागे घेतो. तेवढे दहा सेकंद तो सिनेमा खरा होता.

कारखान्यातल्या मारामारीत चाळीसेक माणसं पडली. अक्का माझ्याकडे वळली.

"याईच्या घरी कोन सांगायले जाईन?"

"कशाचं?"

"मेले म्हून. चायीस घरं झाली ना."

त्यानंतर मला मारामारी नीट पाहता आली नाही. प्रत्येक जण पडला की एक घर दिसायचं.

पाच वाजून गेले तेव्हा शेजारी खुडबुड झाली. अक्काचे पाय खाली चपला शोधत होते. मी म्हणालो, गाडी आहे आपल्याकडे, बस नाही. "हो रे," ती म्हणाली. बसून राहिली, पण चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन. शेवटची पंचवीस मिनिटं ती तशी बसली. नायकानं खलनायकाला मारलं. दिवे लागले.

"यासाठी थांबलो?" अक्का म्हणाली.

बाहेर आल्यावर तिला जुन्या थिएटरची जागा पाहायची होती. तिथे आता कपड्यांचं दुकान आहे. ती दुकानासमोर उभी राहून बसस्टँडची दिशा पाहत होती. "इथून पंधरा मिनिटं लागायची," ती म्हणाली. "पयत."

तिसरा दिवस: धुळे

जळगाव ते धुळे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. एरंडोल, पारोळा. रस्ता रुंद झाला आहे. दोन तास धरा. पारोळ्याला चहा घेतला. धुळ्यात बसस्टँडजवळ लॉज घेतलं. दोन खोल्या, स्वच्छ, गरम पाणी सकाळी सात ते नऊ. दुपारी तिखटजाळ फौजदारी डाळ आणि बट्टी. जेवण झाल्यावर अर्धा तास काही करू नये.

धुळ्याचं थिएटर एकपडदी. बाल्कनी बंद. रेक्झिनच्या खुर्च्या, काहींतून काथ्या बाहेर आलेला. दारावर एक म्हातारा टॉर्च घेऊन उभा होता. सगळे त्यालाही नानाच म्हणत होते. आम्ही धरून अकरा प्रेक्षक.

मराठी सिनेमा. दोन भाऊ, एक विहीर. वाटणीत विहीर सामाईक राहते. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, पण मोटर लावायच्या वेळा सांभाळाव्या लागतात, म्हणून एक जण दुसऱ्यासाठी विहिरीच्या कठड्यावर खूण ठेवतो. कधी वीट, कधी फडकं. मध्यंतरापर्यंत मी खुर्चीत पुढे सरकून पाहत होतो. दिग्दर्शकाचा माणसांच्या हातांवर विश्वास होता. मध्यंतरानंतर तो गेला. दोन्ही भाऊ बोलायला लागले आणि थांबेचनात. जे विटेनं सांगून झालं होतं तेच भाषणात पुन्हा आलं. चांगला सिनेमा स्वतःवर संशय घेतो तेव्हा असं होतं.

पाच वाजून पाच मिनिटांनी अक्का उठली. या वेळी मी अडवलं नाही. बाहेर आलो तर नाना स्टुलावर बसलेले.

"काय अक्का, बस शे का?"

धुळ्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. अक्का थबकली. "तुमाले कसं कयलं?"

"बसवाला लोके असाच उठेत," नाना म्हणाले. मग माझ्याकडे पाहून शहरी मराठीत सांगू लागले. पूर्वी खेड्यावरच्या लोकांना ते दाराजवळच्या खुर्च्या द्यायचे. बसवाल्यांच्या खुर्च्या. पाच वाजले की ती सगळी ओळ उठायची, बाकीच्यांच्या गुडघ्यांना धक्का न लावता. "अर्ध्या जिल्ह्यानं शेवट पाहिलेला नाही साहेब. आम्ही पाहायचो. रोज. रोज तोच."

अक्कानं त्यांना तो सिनेमा विचारला. नाव घेतल्याबरोबर त्यांना आठवला.

"नदीवाला. ती बाई पाण्यामा जास. पहिला आठवडा बायांनी थेटर भरलं. दुसऱ्या आठवड्यात बाया यायच्याच बंद झाल्या. शेवट कळला ना गावोगाव."

"आमच्या गावाले नाही कयला," अक्का म्हणाली.

लॉजवर परतताना तिनं विचारलं, "नाही सांगतलं तर?"

मी लॉजच्या किल्लीसाठी खिसा चाचपला.

"नाही. सांगायचं," ती म्हणाली.

चौथा दिवस: शिरपूर

धुळ्याहून शिरपूर आग्रा रस्त्यानं पन्नासेक किलोमीटर. सोनगीरला तांब्या-पितळेची दुकानं आहेत. थांबण्यासारखी आहेत. आम्ही थांबलो नाही. अक्काच्या मांडीवर बिबड्यांची पिशवी होती. ज्वारीचे पापड ते, लवकर मोडतात. खड्डा आला की ती पिशवी वर उचलायची. तापीचा पूल आला. पाणी भरपूर होतं. तिनं खिडकीची काच वर केली.

घर शोधायला वेळ लागला नाही. सिंधूबाई म्हटल्यावर पानटपरीवाला म्हणाला, "दूधवाली का? छायामॅडमची आई?"

दारात म्हैस बांधलेली. एक बाई तिच्यापुढे कडबा टाकत होती. अक्का गाडीतून उतरली आणि तिथेच उभी राहिली. बाईनं वर पाहिलं. डोळे बारीक केले.

"अक्का शे का?"

"मीच हाये."

"मंग रस्तामा का बरं उभी? म्हैस मारत नही."

दोघी ओट्यावर बसल्या. मी पायरीवर. चहा आला. बशीत ओतून दोघींनी तो सारख्याच पद्धतीनं फुंकला.

"तू तं शे शे करू राह्यली," अक्का म्हणाली.

"अडतीस वरीस झायात आठे. म्हैसलेबी हाईच बोली समजस. तुनी बोली बोलनू तर दूध देवाव नही."

अक्का हसली. मग बशी खाली ठेवली.

"सिंधू, मी एक सांगायले आली. तो पिच्चर. उंबऱ्यावरचा. तुले आठवतो?"

सिंधूबाईंचं बशी फुंकणं थांबलं. म्हणजे आठवत होता.

"त्याचा शेवट मी पाह्यलाच नव्हता. बस व्हती. तुमाले सांगतला तो मनचा व्हता. पिच्चरमधी ती बाई मरते सिंधू. पोरीले घिऊन पान्यात जाते. मी खोटं सांगतलं आन तू निंघून गेली."

एका दमात बोलली. तालीम केलेली असावी. बोलून झाल्यावर तिचे हात पिशवीवर होते आणि आत बिबडे मोडल्याचा आवाज झाला.

"माले माहीत व्हतं," सिंधूबाई म्हणाल्या.

"काय?"

"ती मरस ते. लगीन झाया त्याच साले धुयामा देखेल व्हता आम्ही. दोन्ही जनं. आम्हले बस नव्हती. शेवटलोंग बठनूत."

अक्कानं पिशवी बाजूला ठेवली.

"मंग वावरात बोलली कामून नाही?"

"काय बोलू? बठ्ठ्या बाया हात थांबाडीसन आयकेत. माले वाटनं, अक्काले खरा शेवट माहीत शे. तरी बदलना. मनाकरता बदलना." मनाकरता, म्हणजे माझ्याकरता. त्यांनी बशी पुसून उपडी ठेवली. "मन्हा भाऊबी मनाकरता इतलं करता नही."

म्हशीनं शेपटी आपटली. अक्कानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती तोंड उघडेल असं वाटलं. तिनं उघडलंही.

"आन दार?" तिनं विचारलं. "दार उघडलं का?"

"तीन दिन नही. चौथा दिन सासूले ताप उना. भाकरी कोन टाकई? मंग उघाडं." सिंधूबाई हसल्या. "पोर काय कोनी उचली नही. मीच उचली."

ती पोर आता शाळेत शिक्षिका आहे. घर तिनंच बांधलं. नवरा? होता, मग वारला. संसार कसा झाला, असं अक्कानं विचारलं.

"वाईट नही. चांगला बी नही. बठ्ठासना सारखा." बठ्ठासना, म्हणजे सगळ्यांच्या. मग म्हणाल्या, "तू काय हाईच सांगाले उनी? इतला लांब?"

"नाही. पिच्चर पाहायले आली. चालते का?"

तीनचा खेळ. जेवण आधी सिंधूबाईंकडेच झालं: भाकरी, ठेचा, उडदाची डाळ. थिएटरात दोघींनी जागा शोधली ती दाराजवळची. तिकिटावर आमचे नंबर मधल्या ओळीत होते. कोणी उठवलं नाही.

तिसरा सिनेमा हिंदी. उत्तरेकडच्या एका गावात शिलाईकाम करणारी म्हातारी. मुलगा दिल्लीला ये म्हणतो. ती मापाच्या वह्या पाहत बसते. गावातल्या प्रत्येकाचं माप तिच्याकडे आहे, मेलेल्यांचंसुद्धा. गोष्ट एवढीच. मला वाटलं होतं अक्काला कंटाळा येईल. ती हललीसुद्धा नाही. मीही तिन्हींपैकी हाच सिनेमा बरोबर घेऊन आलो. त्यात एक लांब प्रसंग आहे. म्हातारी एका बाईच्या पाठीवर टेप धरते आणि काही न बोलता दोन इंच जास्त लिहिते. ती बाई गरोदर आहे हे आपल्याला तिच्याआधी कळतं. शहरात लोक असे सिनेमे शोधून पाहतात आणि त्यांवर बोलतात. इथे दाराजवळ बसलेल्या दोन बायांनी एकाच वेळी "हंऽ" म्हटलं. त्यापेक्षा जास्त काही बोलायचं नव्हतं.

म्हातारी आगगाडीत बसली. गाडी अजून सुटली नव्हती. तेव्हा खाली दोन जोड चपला वाजल्या.

"चाल वं, म्हैस वाट देखी राहिनी," सिंधूबाई म्हणाल्या.

अक्कानं आपल्या आधीच घातल्या होत्या.

परत

शिरपूरहून चोपड्यावरून यावलला आलो. हा रस्ता सातपुड्याच्या पायथ्यानं जातो. अरुंद आहे, केळीचे ट्रक असतात, पण जाणार असाल तर याच रस्त्यानं या आणि दुपार कलताना या. उजेड आडवा येतो तेव्हा पानं आतून पेटल्यासारखी दिसतात.

निघताना सिंधूबाईंनी दुधाची बाटली दिली. मोडलेले बिबडे ठेवून घेतले. पुन्हा कधी, असं दोघींपैकी कोणीच विचारलं नाही.

चोपडा मागे पडल्यावर अक्का बोलली.

"मी तिचा इचारच केला नव्हता."

"कधी?"

"तवा. वावरात. भाकर खायची येय झाली व्हती. बाया उठू राह्यल्या व्हत्या. पटकन संपवायचा व्हता, म्हून दार उघडलं."

समोर ट्रक होता. मी त्याच्यामागे राहिलो.

"ती म्हनली, मनाकरता बदलना. मी काई बोलली नाही." बाटली तिनं दोन्ही पायांमध्ये धरली होती. "बोलाले पाहिजे व्हतं का?"

मी पुढे जायला जागा शोधत आहे असं दाखवलं. समोरून काही येत नव्हतं. तरी तेवढा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघालो तेव्हा ती ओट्यावर बसली होती. शेजारच्या तिघी समोर. एकीच्या हातात सूप, एकीच्या मेथी. शिरपूरचा सिनेमा चालला होता. हातवारे सुरू होते. मेथीवाली अक्काच्या वाटणीची जुडीही निवडत होती.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: चार दिवस पुरतात. स्वतःची गाडी असावी, कारण मधल्या गावांना बस कमी झाल्या आहेत. आता शेवट पाहता येतो. थंडीतच जा. भरीत खाल्ल्याशिवाय परतू नका. धुळ्याच्या त्या थिएटरात लवकर जा. नाना म्हणाले की मालक विकायचं म्हणतो आहे.

मी काय आणलं याचा विचार करतो. सिनेमे धूसर झाले. नसलेला माठ राहिला, वीट राहिली, दोन इंच राहिले. बाकी चपलांचा आवाज. हल्ली थिएटरात शेवट जवळ आला की मी आजूबाजूला पाहतो. कोणी उठत नाही. सगळ्यांच्या गाड्या खाली लावलेल्या असतात.

अक्का आता सुरतेला आहे. चौथा मजला. सोसायटीतल्या बाया दुपारी जिन्यात बसून साड्यांना टिकल्या चिकटवतात. खान्देशातल्याच बऱ्याच जणी आहेत. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. मागे बायांचे आवाज होते.

"मी शिरपूरचा पिच्चर सांगतला याईले. ती मशीनवाली म्हातारी. गाडीत बसते, मंग तिले याद येते, कैची घरीच राह्यली. खाली उतरते. गाडी निंघून जाते. ती फलाटावर बसते आन हसते. असा सांगतला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक जन म्हने, असा नाहीये शेवट. तुले माहीत हाये का खरा?"

तो सिनेमा आता मोबाईलवर आला आहे. मी आदल्याच रात्री राहिलेली पंचवीस मिनिटं पाहिली होती. गाडी सुटते. म्हातारी उतरत नाही. खिडकीतून गाव मागे जाताना दिसतं, बराच वेळ, आवाजाशिवाय. उत्तम शेवट आहे. त्याहून चांगला करता आला नसता.

"नाही," मी म्हणालो. "आपण उठलो होतो ना."

"मंग बरं झालं," अक्का म्हणाली, आणि फोन न ठेवताच बायांना सांगायला लागली.